अष्टमीची साखर

आधीच सांगून ठेवते, मी देवीबिवी मानत न्हाई. माझ्या बापानं छप्पन सालात दीक्षा घेतली, घरातले देव नेऊन नदीत सोडले, आन् त्याच्या मागनं मी जलमले. तवा अष्टमीच्या भर दुपारी मी धुवट लुगडं नेसून बाजीरावांच्या घराकडं निघाले तर वस्तीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. "अंबूबाई, देवीला चाललाव व्हय?" एकीनं हसत इचारलं.

"सरूला चाललेय," म्हणले. "देवी असंल तर असंल तितं बसलेली."

सरू म्हंजी बाजीरावांची बायको, सरूबाई. आमच्या औंढ्यातलं मराठ्याचं बडं घर. त्यांची भाताची खाचरं रस्त्यापासनं पार वढ्याला भिडलेली. आमची दोनच, त्यांच्या बांधाला लागून. लगीन होऊन आलो तवापासनं लावणीला ती माझ्या खाचरात आन् मी तिच्या, अशी आमची सावड. चिखलात वाकून वाकून दोघींच्या कमरा एकाच टायमाला गेल्या. घरात कुणाला सांगितलं नसंल ते तिनं मला सांगितलंय आन् मी तिला. पण तिच्या घरात मी पडवीपतूर. चहा येतो, कपबशी बी चांगली येते, पण "आत या" म्हणून आजवर कुणी म्हणालं न्हाई, आन् मी बी गेले न्हाई. तोंडानं कुणी काय बोलत नसतं आता. न बोलताच चालतं सगळं.

आता तुमाला सरूची एक गोष्ट सांगते, ती माझ्याशिवाय कुणालाच ठावं न्हाई.

दर वर्षी अष्टमीला सरूच्या अंगात देवी येती. घटापुढं आरती सुरू झाली की ती घुमायला लागती. मग तिची नणंद लीलाबाई तिला पाटावर बसवती, पाय धुती, हळदकुंकू लावती. घरातलं सगळं लहानथोर पाया पडतं. बाजीराव बी पडतात. वरीसभर जो माणूस बायकोला "ए" म्हणून हाक मारतो, तो त्या दिवशी हात जोडून "आई, काय चुकलं का आमचं?" म्हणून इचारतो.

एकदा भातातलं तण बेणताना सरूच मला म्हणाली, "पहिल्या पहिल्यांदा खरंच यायची गं. आता येत न्हाई. आता मीच आणते."

मी चिडले. "खोटं कशाला बोलतीस? लाज न्हाई वाटत?"

"मग खरं बोलल्यावर कोण ऐकतं?" ती म्हणाली. "डोळ्याला दिसत न्हाई म्हणून दोन वर्सं सांगत व्हते. हे म्हणाले, ह्या वयात तुला काय पेपर वाचायचाय? अष्टमीला देवी म्हणाली, माझ्या बाईचं डोळं उघडा. दिवाळीच्या आत मोतीबिंदू निघाला."

आपल्या गुडघ्यासाठी बाजीराव पुण्याचा डॉक्टर गाठत्यात, पोरगा मोटारीतनं नेतो, आणतो. बायकोचं दुखणं देवीच्या तोंडानं यावं लागतं. मोठ्या घराची लेक, मोठ्या घराची सून, पण तिला शाळा दाखवली न्हाई कुणी. खानदानी पोरीला शाळा कशाला! माझ्या बापानं मला कान धरून चौथीपतूर तरी बसवली. दवाखान्यात जाऊन "मला हे हे व्हतंय" असं सांगायचं असतं, हे मला ठावं हाय. सरूला ते बी देवीकडनं सांगावं लागतं.

ह्या वर्षी घट बसायच्या आधी ती गिरणीत भेटली. पाय आखडून चालत व्हती. इचारलं तर म्हणाली, चप्पल चावली. मग माझा हात धरला. "अष्टमीला ये. दारात हुबी ऱ्हा."

"मी? तुमच्या देवीपुढं?"

"ह्या टायमाला लय मोठं मागायचंय मला. आन् खोटं वाटायला नको, म्हणून उपास बी कडक धरणार हाय. भ्या वाटतंय गं. तू दिसलीस म्हंजी तोंड उघडंल माझं."

काय मागायचंय ते काय तिनं सांगितलं न्हाई. म्हणून मी गेले.

पडवी बायांनी भरलेली. मी उंबऱ्याच्या भाईर, चौकटीला टेकून हुबी राहिले. आत घटापुढं धूप एवढा की डोळं चुरचुरावं. आरती चाललेली. बाजीराव टोपी घालून पुढं, त्यांचा मुलगा सुहास मोबाईल वर धरून इडिओ काढतोय, त्याची बायको अनघा ताटं घेऊन भिंतीला चिकटलेली. सरू मधी हुबी. लुगडं हिरवं, कपाळभर मळवट, आन् चेहरा पांढराफटक.

घुमायला लागली. बायांनी "आई आली, आई आली" केलं. लीलाबाईनं पाट मांडला.

मला ते घुमणं कसं असतं ठावं न्हाई, मी आधी बघितलेलंच नव्हतं. पण सरूनं मला सांगून ठेवलं व्हतं, "बसले की पहिली तुझ्याकडं बघीन, घाबरू नको." ती बसली. बसली कसली, लीलाबाईनं धरून बसवली. मान एका बाजूला पडली. डोळं माझ्यावरनं फिरले, पण मला बघितलं न्हाई. भिंतीकडं बघावं तसं बघितलं. हात थरथर कापत व्हते. कपाळाचा मळवट घामानं वघळून नाकावर आला. धुपात घाम येतोच, म्हणाल तुमी. पण पंखा चालू व्हता, आन् तिच्या अंगावर काटा हुबा व्हता.

तो घाम मी वळखते.

आमचे हे, नथू, देहूरोडच्या डेपोत नोकरीला व्हते. त्यांना साखरेचा आजार. एकदा सकाळी गोळी घेतली आन् घाईत डबा घरीच राहिला. दुपारी नाक्यावर झुलायला लागले, तोंडातल्या तोंडात काय तरी बडबड, अंग गार, घामानं सदरा चिंब. लोक म्हणाले, पिऊन आलाय. एकानं तर ढकललं. तासभर माणूस गटाराच्या कडंला पडून! संगतीच्या कामगारानं वळखलं, तोंडात साखर घातली, म्हणून वाचले. डेपोच्या डॉक्टरनं मग आमा दोघांना समोर बसवून समजावलं, गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरती, माणूस बरळतो, आन् दुर्लक्ष केलं तर झोपतो तो उठतच न्हाई.

सरूला बी साखर हाय. गोळी चालू हाय. आन् आज आठवा उपास!

आमचा माणूस झुलला तर दारू, ह्यांची बाई झुलली तर देवी. मरायचं दोघांनी बी.

लीलाबाई पाय धूत व्हती. हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. "आई, बोल. काय इच्छा हाय?"

सरू काय तरी बरळली. शब्द फुटंना. जीभ जड झालेली. हात उचलला, हवेत हलवला आन् दाराकडं केला. माझ्याकडं. मला बोलावत व्हती का नुसताच हात हलला, देव जाणे. म्हंजी, कुणाला ठावं.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"आई कोपलीया," लीलाबाई म्हणाली, आवाज बारीक करून. "घटापाशी विटाळ झालाय कसला तरी."

बाजीराव माझ्याकडं आले. वाईट बोलले न्हाईत, खोटं कशाला बोलू. लय गोड बोलले. "अंबूबाई, जरा खाली अंगणात थांबता का? चहा पाठवतो."

"भाऊ, तिला देवी न्हाई आली," मी म्हणले. "तिची साखर उतरलीया. तोंडात गोड घाला आन् दवाखान्यात न्या. आमच्या ह्यांना झालतं असंच."

लीलाबाई फिसकन हसली. "ऐका! देवीला साखरेचा आजार झालाय म्हणं!" बाया बी हसल्या. सुहासनं मोबाईल खाली केला न्हाई. "मावशी, दर वर्षी होतं आईला असं. पाच-दहा मिनिटांत शांत होते ती."

दर वर्षी! माझ्या जिभेवर आलतं, अरे दर वर्षी ती सोंग करती, मला सांगितलंय तिनं, आजचं सोंग न्हाई. बोलले असते तर कदाचित ऐकलं बी असतं. पण मग? जगली तर उद्यापासनं ह्या घरात तिची काय पत राहील? जी एक वाट हाय तिला काय मागायची, ती मीच बुजवायची? तोंड मिटलं आन् पायरी उतरून अंगणात आले. माझी मलाच चीड आली. असं वाटलं, जावं सरळ घरी. मरू दे त्यांची देवी आन् त्यांचा विटाळ.

मागनं अनघा आली, चहाच्या निमित्तानं. कपबशी माझ्या हातात दिली. "मावशी, सकाळी गोळी मीच दिली त्यांना. चुकवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना. कालपासून नुसतं पाणी आहे पोटात. मी म्हटलं दूध तरी घ्या. घेतलं नाही." रडायला लागली. पोरगी बीएस्सी झालेली, हिला सगळं कळत व्हतं.

"मग बोल की आत जाऊन!"

"माझं कोण ऐकतंय? आत्या म्हणतील, सून देवीला आडवी आली."

आतनं सरूचा आवाज येईना झाला. लीलाबाई म्हणत व्हती, "आई शांत झाली बघा, आई निजली."

निजली? झोपतो तो उठतच न्हाई, डॉक्टर म्हणालते. चहा तिथंच पायरीवर ठेवला आन् मी वर चढले. खरं सांगितलेलं कुणी ऐकलं न्हाई. आता जे ऐकत्यात तेच करायचं.

"आई गं!" म्हणून मी मोठ्यांदा हंबरडा फोडला आन् उंबरा ओलांडला. ह्या गावात आले तवापासनं पहिल्यांदा. बाया बाजूला झाल्या. कुणी मला अडवलं न्हाई, आन् का न्हाई ते मला त्या वक्ताला बी कळत व्हतं. वस्तीवरची अंबूबाई, दसऱ्याला निळं निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढं चालणारी, देवीच्या पाया पडायला धावत आली! लीलाबाईचं तोंड उजळलं. "बघा, बघा," ती म्हणाली, "आईनं कुणाला खेचून आणलंय ते बघा!"

खेचलं म्हण बाई, म्हण. तेवढ्यानं तुझं समाधान व्हत असंल तर म्हण.

मी पाटापुढं पडले आन् सरूच्या पायावर डोकं टेकलं. जलमात कुठल्या देवीपुढं वाकले नव्हते. बाप डोळ्यापुढं आला. मग नाकात वास आला.

हळदीच्या खालनं येत व्हता. मी डोळं उघडलं. तिच्या डाव्या पायाचा अंगठा माझ्या तोंडापाशी व्हता, हळदीनं माखलेला. मी बोटानं हळद पुसली. नखाच्या बाजूनं खालपतूर काळा पडलेला, मधी चिरलेला, पू धरलेला. आत्ता, एवढ्या माणसांनी ते पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं, त्याच्यावर डोकी ठेवली. कुणाला दिसला न्हाई! मला एकदम कळलं ती ह्या वर्षी काय मागणार व्हती. पोरी, मला तरी सांगायचंस गं. चप्पल चावली म्हणालीस.

मला रडू फुटलं, आन् ते खरं व्हतं. रडतच उठले आन् तिच्या तोंडाला कान लावला. श्वास चालू व्हता. हाक मारली तर पापणी हलली.

"आई गोड मागतीया!" मी वरडले. "माझ्या हातानं मागतीया! साखर आणा, पाण्यात भिजवून आणा!"

"नैवेद्य झाल्याबिगर..." लीलाबाई म्हणाली.

"आईला थांब म्हणती का तू?" मी तिच्याकडं असं बघितलं की ती गप बसली.

अनघा वाटी घेऊन धावत आली. तिनं साखर कालवून घट्ट केली व्हती, पाणी घातलंच नव्हतं जास्ती. शाणी पोरगी. मी सरूला कुशीवर कलती केली आन् बोटानं साखर गालाच्या आतनं, हिरडीला चोळली. थोडी थोडी. घशाखाली एकदम घालायची नसती, गुदमरतो माणूस. पुन्यांदा चोळली. माझं बोट तिच्या दातात, ती चावती का काय वाटत व्हतं, पण चावायची बी ताकद नव्हती. बाया हात जोडून हुब्या. सरू, गिळ. सरू, गिळ गं भवाने. मनातल्या मनात मी तिला शिव्या देत व्हते.

तिनं गिळलं.

मग ओठ हलवले. मी परत कान लावला. ती काय म्हणाली ते कळलं न्हाई, "पानी" म्हणाली असंल. मी उठून बाजीरावांकडं बघितलं.

"आई म्हणती, माझ्या बाईचा पाय कुजलाय. तिला ह्या पावली दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. न्हाई नेलं तर पुढच्या वर्सी ह्या घरात घट बसणार न्हाई."

बाजीरावांनी पायाकडं बघितलं. पहिल्यांदा बघितलं त्यांनी. "सुहास," ते म्हणाले, "गाडी काढ."

एवढंच पायजे व्हतं. चार माणसांनी सरूला उचलून गाडीत घातली. मी न इचारता मागच्या सीटवर बसले आन् तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाटी माझ्या हातातच व्हती. अनघा पलीकडनं बसली. बाजीराव पुढं. लीलाबाईनं गाडीवरनं लिंबू उतरवून टाकलं, तेवढ्यासाठी बी थांबावं लागलं.

गावातनं भाईर पडेपतूर सरूनं डोळं उघडलं. "कुटं?" म्हणाली.

"लोणावळ्याला," मी म्हणले. "गप पड."

पण सुट्टीचा दिवस. लोणावळ्याच्या तोंडाला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली. लोक काचा खाली करून मक्याची कणसं घेत्यात, फोटो काढत्यात. आमची गाडी हालंना. सुहास हॉर्नवर हात ठेवून बसला. आन् माझ्या मांडीवरचं डोकं परत जड झालं.

"आत्ता तर बरी होती," सुहास आरशातनं बघत म्हणाला.

"गोळी पोटात हाय अजून," मी म्हणले. "ती साखर खाली वढतच ऱ्हाती." डॉक्टरनं आमाला सांगितलेलं, पण त्या टायमाला मला खात्री कुटं व्हती? वाटत व्हतं, पायाचं इख वर चढलंय का काय. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तर मी काय करणार व्हते, साखरेची वाटी घेऊन? परत चोळायला लागले. अनघानं तिचा हात हातात घेतला आन् "आई, आई" करून हाका मारायला लागली. बाजीराव सीटवरनं पार मागं वळून बसले व्हते. एकदा त्यांनी हात लांब करून सरूच्या कपाळाचा घाम पुसला, आन् कुणी बघितलं का म्हणून पुढं बघितलं.

मग तेच गाडीतनं उतरले. एवढा गावचा मोठा माणूस, टोपी घातलेली, गुडघा दुखतोय, तो रस्त्यात हुबा राहून लोकांच्या गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारायला लागला. "बाजूला घ्या! पेशंट हाय, पेशंट! आवो घ्या की बाजूला!" कुणी शिव्या दिल्या, कुणी बाजूला घेतली. तसं करत करत आमी नाका पार केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई व्हती. तिनं बोटाला सुई टोचली, मशीन बघितली आन् आमच्याकडं बघितलंच न्हाई, सरळ नर्सला वरडली. सलाईन लावलं. घटकाभरानं भाईर आली तवा म्हणाली, "कुणी साखर दिली वाटेत?" मी हात वर केला. "बरं केलंत. नाहीतर कठीण होतं." मग पायाचं बोलली. अंगठा जाणार, पण पाय वाचंल. अजून पंधरवडा गेला असता तर घोट्यापासनं कापावा लागला असता.

मी भिंतीला टेकून खाली बसले.

तेवढ्यात फोन वाजला. आमची सून अनिता. "आत्याबाई, तुम्ही देवीपुढं डोकं टेकलं म्हणे? सगळ्या वस्तीत बोभाटा झालाय. सुहासनं इडिओ टाकलाय कुटं तरी." दोन दिवसावर दसरा, विहारात कार्यक्रम, आन् माझं हे. लाज वाटली, व्हय, वाटली. मी काय चुकीचं केलं न्हाई हे ठावं असून बी वाटली. मग ह्यांनी फोन घेतला.

"किती व्हती?" नथू म्हणाले.

"काय किती?"

"साखर गं. सरूची. किती भरली?"

मला हसू आलं आन् रडू आलं. म्हणले, चाळीसच्या बी खाली. "बाप रे," ते म्हणाले. "तू काय तरी खाऊन घे. लोकांचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काढला. दुपारी मला तिच्यापाशी सोडलं. पायाला पट्ट्यांचं पांढरं बंडल, सलाईन चालूच, कपाळाचं कुंकू कुणी तरी कापसानं पुसलेलं. ती छताकडं बघत व्हती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"अंबू," ती म्हणाली, "ह्या टायमाला मी आणली न्हाई गं. मी बसले कवा, बोलले कवा, काय बी आठवत न्हाई. सुहास म्हणाला, देवीनं माझ्या पायाचं सांगितलं. मी तर कुणाला बोलले बी नव्हते." तिचं डोळं भरलं. "म्हंजी खरीच आलती. इतक्या वर्सांनी माझ्यासाठी आली."

काय करायचं सांगा. व्हय म्हणले असते तर काय बिघडत व्हतं? म्हातारी खूश राहिली असती. पण पुढच्या वर्सी परत ती कडक उपास धरणार, परत गोळी घेणार, परत देवीची वाट बघत बसणार. आन् त्या वक्ताला मी दारात नसले तर?

"न्हाई आली, सरू," मी म्हणले. "साखर उतरलती तुझी. मरायला टेकलतीस. तुझ्या पायावर डोकं ठेवलं तवा अंगठा दिसला. बोलले ते मीच बोलले."

"तू?"

"मी."

"माझ्या पायावर डोकं ठेवलंस?"

"ठेवलं. परत उपास धरलास तर त्याच पायावर काठी घालीन."

ती हसली न्हाई. तोंड भिंतीकडं फिरवलं. खांदं हलत व्हते. मला वाटलं, घातलीस अंबू माती. हिचं होतं नव्हतं ते काढून घेतलंस. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला न्हाई, पण वळली बी न्हाई.

दार वाजलं. बाजीराव आत आले. एका रात्रीत म्हातारे दिसायला लागले व्हते, दाढी वाढलेली, टोपी न्हाई. तिच्याकडं बघितलं, ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मग माझ्याकडं वळले. आन् काय सांगू तुमाला, त्या माणसानं माझ्यापुढं हात जोडले.

"अंबूबाई, आई अजून काय म्हणाली असंल तर सांगा. राहून गेलं असंल काय. जे म्हणंल ते करतो."

काय बी सांगू शकत व्हते मी. महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात न्या. तिला आधी जेवाय वाढा. "ए" म्हणू नका. हात जोडून हुबा व्हता माणूस, सगळं ऐकलं असतं. तोंड उघडलंच व्हतं मी.

"देवीला काय इचारता?"

सरू बोलली. तोंड भिंतीकडनं फिरवून, डोळं पुसत. आवाज बारीक व्हता, पण तिचाच व्हता. "मी हाय की हितं. मला इचारा."

बाजीरावांचे हात तसेच जोडलेले राहिले. ते तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग परत तिच्याकडं. स्टूल वढून बसले. इतकी वर्सं संसार केलेला माणूस, त्याला काय इचारायचं ते सुचंना.

"काय इचारू?" शेवटी म्हणाले.

"दुखतंय का, इचारा."

त्यांनी पायाच्या बंडलाकडं बघितलं.

"दुखतंय का?"

"लय दुखतंय," सरू म्हणाली.